उंबरा नसलेली खोली

मला लिहिता येत न्हाई. अंगठा मातर लई झ्याक उठतो. मी बोलायलोय अन् माझी लेक रेखा लिहायलीय. तिला दम देऊन ठेवलाय, शाळेतली भाषा घालू नको, बापाचं तोंड हाय तसं राहू दे.

कावून सांगायलोय, तर परवा दवाखान्यात गोळ्या आनाया गेलतो. तिथं बाकड्यावर एक तरना गडी बसलता. पाय नुसते लोंबायलेत, माय पोटऱ्या चोळायलीय अन् ह्यो भिताडाकडं तोंड करून बसलाय. मी त्येला मपल्या गमती सांगाया लागलो तर म्हनला, "आप्पा, तुमाला हसू तरी कसं येतंय?" मी म्हनलो, "बाबा, मला भ्या वाटलं की हसू येतं. अन् मी लई भित्रा हाय, म्हनून आमच्या चौसाळा गावात समद्यात जास्ती मीच हसतो." म्होरं सांगनार तर त्येचा नंबर आला. तर हे त्येच्यासाठी.

तेल

हायवेच्या कडंला मपलं भज्याचं हाटेल हाय. हाटेल मंजे काय, म्होरं पत्रा, पत्र्याखाली स्टो, दोन बाकडी, अन् पाठीमागं एक खोली. तेच घर. भजी मी तळायचो, चहा आमची कला करायची. कला मंजे मपली बायको. गिऱ्हाईक तिच्या चहासाठी यायचं, मपली भजी तोंडाला चव राहू नये म्हनून खायचं.

पाठ लई दिवसापासून दुखायची. मला वाटलं उभं राहून राहून दुखत असंल. कला इट तापवून, फडक्यात गुंडाळून पाठीला द्यायची. मग पायाला मुंग्या याया लागल्या. मग मुंग्या यायच्या बंद झाल्या. मी म्हनलो, चला, गुन आला.

एक दिवस झारा उचलला अन् कढईतलं तेल सांडलं. मी आपला नाक वर करून गिऱ्हाइकाला म्हनायलोय, "कायतरी जळायलंय रे, बगा बरं कुठं." एक नेहमीचा ट्रकवाला व्हता, मपल्याच वयाचा. त्यो ओरडला, "अबे म्हालिंग, तुझाच पाय हाय बे त्यो!"

खाली बगितलं तर पायावर ह्यो एवढा फोड, अन् मला कळलंच न्हाई. समदे हसले. मी बी हसलो. म्हनलो, "पीठ न लावता तळला, म्हनून वास आला." कला तेवढी हसली न्हाई. तिनं पायावर पानी वतलं, ते गार हाय का गरम ते बी मला कळंना. जळायलाय मपला पाय, अन् मी बगायलोय शेजाऱ्यावानी.

टाचनी

बीडच्या डॉक्टरनं फोटो काढला अन् औरंगाबादला घिऊन जा म्हनला. एस्टीत मी मपल्या पायानं चढलतो. उतरताना दोघांनी उतरवलं. वाटंत कुठंतरी पाय राहिले, कंडक्टरला इचारायला पायजे व्हतं.

मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीन बाईनं गुडघ्यावर रबराची हातोडी मारली. मी म्हनलो, "बाई, जोरात मारा, आमच्या कलाची चापट ह्याच्यापक्षा कडक असती." बाई हसली न्हाई. तिनं टाचनी काढली. तळपायाला टोचली, मग पोटरीला, मग मांडीला, अन् दर बारीला इचारायची, "कळतंय का?" मी न्हाई म्हनत गेलो. टाचनी बेंबीपतूर आली. बेंबीच्या वर आली तवा मी जोरात बोंबललो. मला वाटलं, आता बाई खूश व्हनार. तिनं टाचनी ठेवून दिली अन् शेजारच्या डॉक्टरकडं बगितलं. त्या बगन्यातच मला समदं कळलं.

मनक्याचा टीबी. मी म्हनलो, "बाई, चूक झाली असंल, मी तर खोकलो बी न्हाई." ती म्हनली हाडात बी व्हतो. कलानं पदर तोंडाला लावून इचारलं, "जगत्याल ना?" बाई म्हनली, "जगतील. चालतील का ते मला आत्ता सांगता येत न्हाई."

मला तवा काय वाटलं म्हनता? मला वाटलं, हाटेलातनं बाहेर पळायची बारी आली तर कसं पळू. कावून तेच मनात आलं, देव जाने.

पलटनी

ऑपरेशन झालं. ही रेखा तवा बारकी, तिला आजोळी ठेवलती. मग नुसतं पडून राहायचं. सकाळी नर्सबाई ताप बगायची, मग गोळ्या. त्या गोळ्यानं लघवी अशी लाल व्हायची, की पयल्या दिवशी मी बोंब मारून आख्खा वार्ड जागा केला. शेजारच्या खाटंवर धारूरकडचा एक म्हातारा व्हता, त्यो म्हनला, "अरे गप, इथं समद्यांची रंगपंचमी हाय."

पाठीला जखमा व्हऊ नयेत म्हनून सारखं कुशीवर करावं लागायचं. ते काम कलाकडं. ती मला भजं पलटावं तसं पलटायची. मी म्हनायचो, "ह्या बाजूनं कच्चं हाय, अजून राहू दे." ती ऐकायची न्हाई. तिचं समदं ध्यान मपल्या अंगठ्याकडं. पायाच्या. त्यो हलतोय का, एवढंच ती बगत बसायची.

एक दिवस म्हाताऱ्याची खाट रिकामी झाली. घरी गेला का वर गेला, मी इचारलं न्हाई. नर्सबाईला एवढंच म्हनलो, मपली खाट दारापाशी सरकवा. तिनं इचारलं कावून. मी म्हनलो, वारा येतो. वारा-बिरा काई नव्हतं. मला दार दिसायला पायजे व्हतं.

उंबरा

पुढं कंबरंत जोर आला, बसता याया लागलं. पाय मातर तसेच. एका शेटची जुनी चाकाची खुर्ची दवाखान्यानं दिली. तिचा ब्रेक तुटलेला. आमी त्याच इटंचा तुकडा चाकामागं लावायचो. पाठीची इट चाकाला आली, इटंची बढती झाली.

घरी आलो अन् खुर्ची दारात धाडकन अडली. आमच्या खोलीला सागवानी उंबरा, चांगला वीतभर उंच. त्येच्यावरचं माप लवंडून कला लगनानंतर घरात आलती. तवापासून रोज सकाळी ती त्येच्यावर हळदकुंकू वाहनार, मगच स्टो पेटवनार. उंबऱ्यावर कुनी पाय दिला तर गिऱ्हाईक हाय का पाव्हना हाय बगायची न्हाई, सोडायची न्हाई. आता त्येच्यावरनं मला न्यायचं मंजे दोघांनी खुर्ची उचलायची. परसाकडं जायचं तरी मानसं गोळा करायची. गावात लगनाला बी एवढं आवतन देत न्हाईत.

ते बी चाललं असतं. पन एक दिवस स्टो भडकला.

मी आतल्या खोलीत एकटा. म्होरं भक्कन आवाज, मग धूर. कला "पानी! पोतं!" म्हनून ओरडायली. मी चाकं फिरवली, खुर्ची उंबऱ्याला धडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा धडकली. धूर खोलीत याया लागला अन् मी त्या लाकडाला धडका मारायलोय, बांधलेल्या बोकडावानी. तोंडातनं आवाजच निघंना. कला आत आली, मला काखंत धरलं अन् पोत्यासारखं वढून बाहेर टाकलं. इझलं समदं, एक पडदा तेवढा जळाला. लोकं म्हनले, थोडक्यात गेलं.

मपलं काई थोडक्यात गेलं न्हाई. स्टोला पंप मारायचा आवाज आला की मी चाकं गच्च धरायचो. मी कलाला म्हनलो, "उंबरा काढू."

ती म्हनली, "काय काढू?"

"उंबरा. लाकूड तर हाय."

"मी मेल्यावर काढा. बिनउंबऱ्याचं घर मंजे काय घर हाय का हो? लक्षुमी थांबंल कशाला त्या घरात?"

"लक्षुमी आपल्याकडं कवा आली ते तरी सांग."

तेवढं मी बोलायला नको व्हतं. चार घरचं बोलनं ऐकून घिऊन तिनं मला वाचवलं, जेवू घातलं, घान काढली, अन् मी तिच्या लक्षुमीला हसलो. ती बोलायची बंद झाली. ताट सरकवायची, मला उचलायला मानूस बलवायची, पन बोलायची न्हाई. घरात मी, ती अन् मधी उंबरा.

बसूची दोरी

मपला धाकटा भाऊ बसू मुंबईला हाटेलात भांडी घासता घासता एजंटाच्या नादानं फारेनच्या जहाजावर लागला. त्या वर्सात असं लई चाललतं. गावात एस्टीडीचा डबा आला, घराघरावर केबलची वायर आली, अन् आमचा बसू समुद्रात गेला. फिरायचं जहाज ते, म्हाताऱ्या गोऱ्या लोकांना घिऊन हिंडायचं. बसू त्येंच्या खोल्या झाडायचा.

सुट्टीवर आला, मपली धडकाधडकी बगितली, अन् पिशवीतनं एक दोरी काढली. दोरीला जागोजागी गाठी. म्हनला, "आप्पा, जहाजावर चाकाच्या खुर्चीवाल्यांच्या येगळ्या खोल्या हायेत. तुझ्यासाठी मोजून आनलंय. इथपतूर दाराची रुंदी. इथपतूर संडासाची उंची. ही गाठ भितीतल्या दांड्याची. बाकीच्या खोल्यांच्या मोरीला लोखंडी उंबरा असतो, पानी बाहेर येऊ नये म्हनून. ह्या खोल्यांना न्हाई."

कला चहा गाळायलती. न बगता म्हनली, "समुद्रातल्या लोकानं घरातलं काय सांगू नये."

बसू म्हनला, "वैनी, बगून तरी या. कामावरच्या मानसाच्या घरच्यांना एक फेरी करता येते. मुंबईहून गोव्याकडं अन् माघारी. एक खोली रिकामी हाय, मी सायबाला इचारलंय."

मला पोहता येत न्हाई. पाय व्हते तवा बी येत नव्हतं. बिंदुसरा नदीला गुडघाभर पानी आलं तर मी पूल धुंडायचो. मी न्हाईच म्हननार व्हतो. पन कला म्हनली, "न्या त्येंना. तिथं बी कुठंतरी धडकत्याल, मंजे समजंल." ती बऱ्याच दिवसांनी मपल्याबद्दल बोलली, म्हनून मी हो म्हनलो.

खोली

जहाज तर ह्ये एवढं मोठं. आमच्या बीडच्या एस्टी स्टँडावर माळे चढवावेत तसं. फळीवरनं खुर्ची वर ढकलताना खाली काळं पानी दिसलं अन् मी डोळे गच्च मिटले. कलाच्या हातात पिशवी, पिशवीत दोन वस्तू: समुद्राला वाहायला नारळ, अन् चाकामागं लावायला इटंचा तुकडा. चौसाळ्याची इट मुंबईच्या बंदरात तपासनीवाल्यानं उलटून पालटून बगितली. त्येला वाटलं आत काय भरलंय.

बसूनं खोलीचं दार उघडलं. मी चाकं फिरवली अन् धक्क्याची वाट बगत खांदे आवळले. धक्का आलाच न्हाई. मी खोलीच्या मधी व्हतो. माघारी फिरलो, बाहेर आलो. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बसू हसायलाय, मी दमून घाम गाळायलोय, पन थांबवंना.

कला दाराबाहेरच उभी. "पाय कुठनं टाकू आत? उंबराच न्हाई ह्याला." मग तिनं पिशवीतनं कुंकवाची पुडी काढली, खाली वाकली अन् उंबरा असायला पायजे व्हता तिथं, गालिच्यावरच, हळदकुंकू वाहिलं.

बसूनं कपाळ धरलं. "वैनी, हे मलाच पुसायचंय!"

मोरी बी सपाट. भितीला दांडे, आंघोळीला बसायची फळी, आरसा बसल्या मानसाच्या तोंडाबरूबर. अन् छतापासून खालपतूर एक लाल दोरी. कलाला वाटलं, किती शानी लोकं, कपडे वाळू घालायला बी सोय केली. तिनं मपला पंचा पिळला अन् त्या दोरीला अडकवला. कुठंतरी घंटा वाजली अन् बसूसकट तीन मानसं पळत आत घुसली. मी मोरीत फळीवर, उघडा. ती दोरी पडल्या-झडल्या मानसानं वढायची व्हती.

त्येंच्यापुढं मपली जी शोभा झाली, त्या लाजंनं मी काय केलं? दोरी गुंडाळली अन् हात पोचंल तेवढ्या उंच दांड्याला गाठ मारून ठेवली. मंजे पुन्हा कुनाचा धक्का नको. लई डोकं चालतं मपलं.

भोंगा

दुसऱ्या दिवशी कला नारळ वाहाया वर गेली. बसूनं सकाळी सांगितलतं, "आज भोंगा वाजंल, भिऊ नका, जहाजातनं बाहेर पडायची नुसती तालीम असती, तुमाला न्यायला मानसं येत्याल." मी तवा पावाला लोनी लावायलतो. त्येचं बोलनं मपल्या कानात शिरलंच न्हाई.

कला गेली अन् मला वाटलं, हीच येळ. आजपतूर कुनी ना कुनी सोबत. आज मपला मी मोरीत जाऊन येतो. गेलो. दांडा धरला, फळीवर बसलो, समदं मपलं मी केलं. काय सांगू, राजा झाल्यासारखं वाटलं. मग खुर्चीवर परत यायला गेलो. इट खोलीतच व्हती. जहाजावर दिलेल्या ह्या खुर्चीला ब्रेक व्हता, चांगला नवा, पन आमाला कुठं ब्रेकची सवय. मी भार टाकला, जहाज कललं, खुर्ची मागं निघून गेली अन् मी फरशीवर आपटलो.

तोंड ओल्या फरशीला. वर बगितलं तर लाल दोरी. उंच. गाठ मारलेली. मपल्याच हातानं.

तेवढ्यात भोंगा वाजला. छातीत घुसंल असा. पुन्हा. पुन्हा. बाहेर पळायचा आवाज, फारेनच्या भाषेत कोनतरी बोलायलंय. मला वाटलं, बुडालं. संपलं. कला वर हाय, ती तरी वाचंल. मी ओरडायला गेलो, तर त्या धुरातल्यासारखंच, आवाज न्हाई. भिताडं जवळ आली. स्टो भडकल्यासारखा वास याया लागला मला, खरंच आला. मी त्या फरशीवर मुतलो, ते बी लिही रेखा, गाळू नको.

मग कोपरं टेकवली अन् सरपटलो. मोरीच्या दाराशी आलो अन् डोकं वाचवायला मान खाली घातली, आता लाकूड लागनार म्हनून. काई लागलं न्हाई. फरशी संपली, गालिचा लागला. खोली वलांडली. दाराची मूठ बसल्या मानसाला पुरंल एवढ्या खाली व्हती, मला पडल्या पडल्या कशीबशी सापडली. दार उघडलं. पुन्हा मान खाली घातली. पुन्हा काई न्हाई. मी बाहेर, बोळीत.

समोरच्या खोलीच्या दारात एक गोरी म्हातारी, ती बी चाकाच्या खुर्चीत, गळ्यात नारंगी जाकीट. तिनं मला बगितलं. मी ओल्या लुंगीवर, पोटावर. काय करावं सुधरंना, तर मी पडल्या पडल्या तिला हात जोडले. तिनं चाकाला ब्रेक लावला, वाकली अन् मपला हात धरून ठेवला. बोलली काई, कळलं न्हाई.

मानसं आली, बसू आला. अन् जिन्यावरनं लोकांच्या उलट्या दिशेनं कला. पदर सुटलेला, हातात नारळ तसाच. मला बगितलं अन् खाली बसली.

"बाहेर कसे आलात हो तुमी?"

"सरपटत."

"कुनी वढलं?"

"कुनी न्हाई. मधी आडवं काईच नव्हतं."

ती दाराकडं बगत राहिली. कुंकू पुसलेल्या जागंकडं. मग तिनं नारळ मपल्यावरनं उतरवला.

चाक

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्यो बिचारा करवत हातात धरून घाबरलेला. "वैनी, इचार केलाय ना? घराचा उंबरा हाय."

कला म्हनली, "केलाय. दार बी रुंद करायचंय, ह्या गाठीपतूर. ही बसूची दोरी घे."

उंबरा निघाला तवा ती बाहेर जाऊन उभी राहिली. रडली का, मी बगितलं न्हाई. धुऊन पुसून तिनं त्यो उंबरा देवाखाली ठेवलाय. आता देव त्येच्यावर बसत्यात, त्येंना काई कुठं पळायचं नसतं.

त्या बाकड्यावरल्या गड्याला सांगतो. भ्या गेलं न्हाई मपलं. गोळ्यांनी टीबी गेला, पाय काई आले न्हाईत. स्टो पेटवताना आजबी दोन-चार काड्या वाया जात्यात. पन पयले मी स्टोकडं बगायचो, आता दाराकडं बगतो, अन् मग भजी सोडतो. बसून तळतो. चव तशीच हाय, गिऱ्हाइकानं जास्ती आशा धरू नये.

अन् कला रोज सकाळी उंबरा व्हता तिथं, सपाट भुईवर, हळदकुंकू वाहती. मी त्येच्यावरनंच बाहेर पडतो, दुसरी वाट न्हाई. चाकाला कुंकू लागतं, पत्र्याखालनं हायवेच्या कडंपतूर लाल-पिवळी रेघ जाती. पयल्या दिवशी मी फडकं मागितलं. म्हनलो, "तुझी लक्षुमी मीच बाहेर घिऊन चाललोय बग, पुसून घेतो."

ती चहा गाळायलती. म्हनली, "राहू द्या. कुठपतूर गेलता ते कळतं मला."